झेंड्याचा निळा

चिमट्यात धरलेली पट्टी जयाताईंनी अतिनील दिव्याखाली सरकवली आणि चष्मा कपाळावर ढकलून चेहरा जवळ नेला. पट्टीवर एकच ठिपका दिसत होता. सकाळी जिथे होता तिथेच, जेवूनही न उठणाऱ्या पाहुण्यासारखा बसलेला.

“दुसरी लाव,” त्या म्हणाल्या.

आकांक्षानं दुसरी लावली. बारीक काचनळीनं नमुन्याचा थेंब टेकवला, पट्टी द्रावणात उभी केली, आणि द्रावण वर चढेपर्यंत दोघी कूलरचा आवाज ऐकत राहिल्या. वर्ध्याच्या एप्रिलमध्ये त्या प्रयोगशाळेत कूलरचा उपयोग एवढाच, की गरम हवा एका जागी बसून राहत नाही. दुसऱ्या पट्टीवरही तोच ठिपका निघाला. रासायनिक क्रिया झाली असती तर तो नाहीसा झाला असता आणि त्याच्या वर नवा दिसला असता. क्रिया झालीच नव्हती.

मागच्या टेबलावर नवा दिवा घरघरत होता. पांढरी शुभ्र पेटी, आत निळा प्रकाश, बाजूला बारीक पंखा. विद्यापीठाच्या अनुदानातून आला तेव्हा प्राचार्यांनी त्याच्यासमोर नारळ फोडला होता आणि खोबऱ्याचा तुकडा सगळ्यांना मिळाला होता.

“कॅटॅलिस्ट नीट होतं ना?”

“हो मॅडम.” आकांक्षानं छोटी काचेची कुपी पुढे केली.

आतली भुकटी स्वच्छ पिवळी होती. जयाताईंनी कुपी खिडकीकडे धरून फिरवून पाहिली. त्यांना खोट सापडायला हवी होती, पण सापडेना.

“छान केलंस. इतकी स्वच्छ आपल्याकडे फक्त मोनालीच्या हातून निघते.”

आकांक्षा खाली मान घालून टेबलावरचे पट्ट्यांचे तुकडे गोळा करू लागली. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी. कौतुक झालं की लाजते, असं जयाताईंना वाटलं.

कॅटॅलिस्टच्या त्या पिवळ्या भुकटीत तांबं होतं. मधोमध तांब्याचा एक अणू आणि त्याला दोन बाजूंनी कवेत धरणारे दोन मोठे रेणू. निळा उजेड पडला की हा अणू चेततो, शेजारच्या रेणूला एक इलेक्ट्रॉन देतो, त्या धक्क्यानं एरवी एकमेकांकडे ढुंकूनही न पाहणारे दोन पदार्थ जोडले जातात, आणि तांबं आपला इलेक्ट्रॉन परत मिळवून पुन्हा पहिल्यासारखं होतं. सोयरीक जमवून पंगतीच्या आधीच निघून जाणाऱ्या मामासारखं. जगभर हे काम इरिडियम, रुथेनियम असल्या दुर्मिळ धातूंकडून करून घेतात. त्यांची चिमूटभर भुकटी मागवायची म्हटलं तर महाविद्यालयाच्या खरेदी समितीला घाम फुटतो. तांबं मात्र घरोघरी, पाण्याच्या भांड्यात आणि भिंतीतल्या तारेत. ना तापवायचं, ना काही जहाल ओतायचं. नुसता उजेड पाडायचा. या कल्पनेचं जयाताईंना कित्येक वर्षं वेड होतं. पण वेड असणं वेगळं आणि करून दाखवणं वेगळं. करून दाखवलं होतं मोनालीनं.

मोनाली त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. पिपरी मेघेच्या बौद्ध वस्तीत राहणारी, निवृत्त ग्रामसेवक लहानूजींची मुलगी. नवा दिवा मंजूर व्हायच्या कितीतरी आधी तिनं घरून चिवड्याचा स्टीलचा डबा आणला होता. त्याच्या आतून निळ्या एलईडीची माळ गोल गोल चिकटवली, झाकणाला भोक पाडून जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला, आणि नायट्रोजन भरायला वाढदिवसाचा फुगा. डब्याला सगळा विभाग हसला. मग त्या डब्यातून खरोखरच नवा पदार्थ निघू लागला. एक नाही, वेगवेगळे. तेव्हा हसणारेच डबा पाहायला आले. जयाताई तेव्हा महिनाभर जमिनीवर नव्हत्या. नागपूरच्या परिषदेत त्यांनी डब्याचा फोटो पडद्यावर दाखवला आणि टाळ्या पडल्यावर मोनालीला उभं राहायला सांगितलं.

शोधनिबंध गेला. परीक्षकाचं उत्तर आलं, काम उत्तम आहे, पण डबा आणि माळ हे काही प्रमाण साधन नव्हे. प्रमाणित दिव्याखाली पुन्हा करून दाखवा. त्यात चूक काही नव्हतं. माळ तोवर मोनालीनं काढून घरी परत नेली होती, कारण ती घरची होती. नवा दिवा आला, नारळ फुटला, आणि त्याच्याखाली मोनालीची क्रिया एकदाही झाली नाही.

“मॅडम, दिवा वेगळा आहे,” मोनाली तेव्हा म्हणाली होती.

“अगं, निळा तो निळाच. उलट हा कितीतरी प्रखर आहे,” जयाताई म्हणाल्या होत्या.

तिनं पुन्हा केलं, पुन्हा फसलं. मग जयाताईंनी तिला प्रबंधाचे राहिलेले भाग घरी बसून लिही म्हणून सांगितलं. आणि ती गेल्यावर आकांक्षाला बोलावून म्हटलं, हीच क्रिया तू तुझ्या हातानं कर, मोनालीला बोलू नकोस. हे शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांना पाणी प्यावंसं वाटलं. मनात शंका आली होती, आणि ती आल्याची लाजही वाटत होती. पण लाज वाटली म्हणून शंका गेली नाही.

आता आकांक्षाच्या हातूनही झालं नव्हतं.

शोधनिबंध मागे घेत असल्याचा मजकूर जयाताईंच्या लॅपटॉपवर लिहून तयार होता, फक्त पाठवायचा राहिला होता. तो गेला की मोनालीच्या प्रबंधाचा कणाच गेला. आणि लोक काय म्हणतील ते तर जयाताईंना तोंडपाठ होतं. डब्याला हसणारे सगळ्यात आधी बोलणार होते. दुसऱ्या कोणा विद्यार्थ्याचं फसलं असतं तर म्हणाले असते, प्रयोग आहे, होतं असं. मोनालीबद्दल तसं म्हणणार नव्हते, हेही त्यांना माहीत होतं.

फोनवर सांगायची ही गोष्ट नव्हती. त्यांनी पिवळी कुपी पर्समध्ये ठेवली. निदान भुकटी खराब होती असा संशय मोनालीच्या मनात राहू नये, एवढाच हेतू. उन्हं कलल्यावर त्यांनी स्कूटर काढली.

पिपरी मेघेत वळल्यावर रस्ताभर निळे झेंडे दिसले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, उद्या चौदा एप्रिल. उद्या आंबेडकर जयंती आणि आज आपण हे तोंड घेऊन तिच्या घरी चाललोय. स्कूटर परत फिरवावी असं त्यांना फार वाटलं. पण मागून एक ट्रॅक्टर खुर्च्या घेऊन येत होता आणि त्यानं वळायला जागाच दिली नाही.

विहारासमोर मोठी कमान उभी राहत होती. रस्त्यावर कापडी मंडप टाकलेला, त्यामुळे आत संध्याकाळ आधीच झाली होती. मोनालीचा भाऊ प्रफुल्ल शिडीवर चढून बांबूला तार बांधत होता. खाली टेबलावर दोन निळ्या माळा पेटवून ठेवल्या होत्या, आणि त्यांच्या अल्याडपल्याड दोन माणसं भांडत होती. एक रोषणाईवाला सचिन, दुसरे लहानूजी. पांढरा सदरा, खिशाला पेन, आणि न हलणारी मान. ते जयंती समितीचे अध्यक्ष होते आणि त्यांच्यासमोर सचिन टेकीला आला होता.

“काका, निळाच तर हाय. काय फरक पडते?”

“हा आभाळाचा निळा झाला. मले झेंड्याचा पायजे.”

“जुन्यासारखी माळ आता मार्केटमधी भेटतच नाई न. सारे हाच माल घेऊन राह्यले. तुमच्या पेटीतली हाय ते तेवढीच, अन् ते कमानीले पुरत नाई.”

“पुरन तेवढी लाव.”

“अन् बाकी?”

“बाकी राहू दे अंधारात.”

“अख्ख्या वर्ध्यात असा माणूस पाह्यला नाई बाप्पा,” सचिन आभाळाकडे पाहून म्हणाला. आभाळ मंडपाच्या कापडानं झाकलेलं होतं.

तेवढ्यात घराच्या दारातून मोनालीची आई, कमलाबाई, बाहेर आल्या आणि थबकल्या.

“अगं बाई, मॅडम! मोनाली, पाय कोन आलं!”

लहानूजी वळले. भांडणाचा चेहरा पुसून त्यांनी हात जोडले. “जय भीम, मॅडम.”

“जय भीम, लहानूजी,” जयाताई म्हणाल्या.

खुर्ची आली, पाणी आलं, कमलाबाई चहा ठेवायला आत पळाल्या. मोनाली आली ती हाताला खळ लागलेली. कागदी पताका चिकटवत होती. तिनं जयाताईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हात न धुताच समोर उभी राहिली.

“बस,” जयाताई म्हणाल्या.

ती बसली नाही.

“आकांक्षानं करून पाहिलं. नव्या दिव्याखाली. तिच्या हातूनही नाही झालं.” जयाताईंना वाटलं होतं, ती विचारेल, आकांक्षानं का केलं, कधी केलं, मला का नाही सांगितलं. तिनं काहीच विचारलं नाही. तिला आश्चर्यसुद्धा वाटलेलं दिसलं नाही.  आश्चर्य न वाटणं म्हणजे एका परीनं कबुलीच. हे असं होणार हे हिला ठाऊकच होतं तर.

“मोनाली, पेपर मागं घ्या लागन आपल्याले,” त्या म्हणाल्या. लहानपण आर्वीजवळच्या रोहण्याला गेलेलं; तिकडची बोली त्यांच्या तोंडात वर्गात कधी यायची नाही. जीव तुटला की यायची.



“भुकटीत काही खोट नव्हती. हे पाय.” त्यांनी पर्समधून कुपी काढली.

मोनालीनं कुपी घेतली. पण तिचं लक्ष कुपीकडे नव्हतंच. ती जयाताईंच्या खांद्यावरून मागे पाहत होती, सचिनच्या टेबलाकडे. तिथे दोन माळा शेजारी शेजारी जळत होत्या आणि आता, उजेड आणखी उतरल्यावर, दोन निळ्यांतलं अंतर कोणालाही दिसलं असतं. एक फिका, मोकळा. दुसरा दाट, जांभळ्याच्या अंगाला गेलेला.

ती चालत टेबलापाशी गेली. सचिन आणि लहानूजी बाजूला झाले. तिनं कुपी आधी सचिनच्या नव्या माळेजवळ धरली. भुकटी होती तशीच राहिली, मळकट, निर्जीव. मग तिनं कुपी दुसऱ्या, पेटीतल्या जुन्या माळेजवळ नेली.

भुकटी आतून पेटली. पिवळीजर्द, हळदीहून उजळ. निळ्या उजेडात तेवढी एक पिवळी गोष्ट होती आणि तिचा प्रकाश मोनालीच्या खळ लागलेल्या बोटांवर पडला होता.

“हे काय पेटलं?” लहानूजींनी विचारलं.

 मोनालीनं कुपी पुन्हा नव्या माळेकडे नेली, विझली. परत आणली, पेटली. प्रफुल्ल शिडीवरून खाली उतरला. पताका चिकटवणारी पोरं उठून आली.

जयाताई खुर्चीतून उठल्या कधी ते त्यांनाही कळलं नाही. ज्या उजेडाला भुकटी गिळते त्याच उजेडात ती चमकते. न गिळलेल्या उजेडाचा तिला काही उपयोग नाही, तो कितीही प्रखर असो. सचिनची माळ आणि अनुदानाचा दिवा, दोन्ही एकाच फिक्या निळ्याचे. दिव्याच्या अंगावर त्याच्या प्रकाशाच्या तरंगलांबीचा आकडा छापलेला होता. तो आकडा त्यांनी पाहिला होता, वाचला होता, आणि मनात फक्त ‘निळा’ एवढंच नोंदवलं होतं. एम.एस्सी.च्या मुलांना वर्णपट शिकवणाऱ्या बाई! त्यांना आपलाच कान पिळावासा वाटला.

“तू सांगितलं होतंस,” त्या मोनालीला म्हणाल्या. “दिवा वेगळा आहे म्हणून.”

“सांगितलं होतं, मॅडम. पण मलेही तवा नुसतं वाटत होतं. दाखवता येत नव्हतं.” तिनं कुपीकडे पाहिलं. “या माळा वर्षभर पेटीत बंद राह्यतात. डब्यात जी लावली होती ते यातलीच.”

म्हणजे सगळं विभागभर गाजलेलं काम जयंतीच्या माळेखाली झालं होतं, आणि ती माळ लहानूजींनी कधीतरी अशाच एका रोषणाईवाल्याशी भांडून निवडली होती. जयाताईंनी कमानीकडे पाहिलं. जुनी माळ अर्ध्या कमानीवर चढली होती. त्यातली हातभर मिळाली तर आत्ताच्या आत्ता प्रयोगशाळा उघडायला त्या तयार होत्या. ते त्यांच्या तोंडावर इतकं उघड दिसत असावं, की लहानूजी घसा खाकरून म्हणाले,

“पायजे का मॅडम?”

जयाताईंची नजर पुन्हा कमानीवर गेली.

“परवा देतो,” लहानूजी म्हणाले. “उद्या नाई देत. राग नका मानू.”

“उद्या मी मागणारही नाही.”

“म्हंजे फरक पडते म्हना न काका,” सचिन हळूच म्हणाला.

“मले काय माहीत बाप्पा. मले झेंडा माहीत.” आणि लहानूजी प्रफुल्लवर ओरडले, “चढ बे वर! तमाशा पाहून राह्यला.”

कमलाबाईंनी चहा आणला. साखर इतकी होती की चमचा उभा राहिला असता. जयाताई एरवी बिनसाखरेचा घेतात. तो कप त्यांनी तळापर्यंत संपवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या पुन्हा गेल्या, कामाशिवाय. कमान अर्धी निळी आणि अर्धी अंधारी होती. लहानूजींनी शब्द पाळला होता. येणारेजाणारे अंधाऱ्या अर्ध्याबद्दल विचारत होते आणि सचिन प्रत्येकाला सांगत होता, काकांना विचारा. जयाताई रांगेत उभं राहून फुलं वाहून आल्या. मोनाली लेझीमच्या पथकात होती; पांढरी साडी, निळा फेटा. ती इतकी छान खेळते हे त्यांना माहीत नव्हतं. आपल्याला हिच्याबद्दल काय काय माहीत नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि ते त्यांना टोचलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रफुल्लनं पिशवीतून माळ आणून दिली. “बाबांनी सांगितलं, बुद्ध पौर्णिमेले परत लागन,” असं बजावून गेला. मोनालीनं चिवड्याचा डबा खाली काढला, माळ आत गोल गोल बसवली, बटण दाबलं. डब्याच्या तळाशी तो दाट निळा साचला. तिनं कुपी एकदा वर धरली, भुकटी पेटली. मग ती बाजूला झाली.

“कर सुरू,” जयाताई म्हणाल्या.

“मी नाई करत मॅडम. आकांक्षाले करू द्या.”

“अगं, पण काम तुझं आहे.”

“म्हनूनच.”

आकांक्षानं केलं.  द्रावकाची बाटली उघडी राहिली तेव्हा मोनालीनं फक्त बोटानं दाखवलं, कारण वर्ध्याच्या एप्रिलमध्ये उघड्या बाटलीतलं अर्धं द्रावक छताला लागतं. बाकी ती एका शब्दानंही मध्ये आली नाही. खिडकीशी स्टुलावर बसून प्रबंधाचा मजकूर तपासत राहिली. जयाताई तास घेऊन आल्या, आल्या तशा डब्याशी उभ्या राहिल्या, पुन्हा तासाला गेल्या. मुलांना त्यांनी काय शिकवलं ते मुलांनाच ठाऊक.

दुपारी उशिरा पट्टी लावली. चिमट्यात धरून जयाताईंनी ती अतिनील दिव्याखाली नेली. चष्मा कपाळावर ढकलला. जुना ठिपका गेला होता. पूर्ण गेला होता. त्याच्या बराच वर नवा होता, गोल, ठसठशीत.

त्यांनी पट्टी आकांक्षाला दिली, मग मोनालीला. मोनालीनं पाहिली, मान हलवली आणि टेबलावर ठेवली, जणू डाळ शिजली का एवढंच पाहिलं.

आता बोलायलाच हवं होतं. जयाताईंनी दोन्ही हात टेबलावर टेकले.

“मोनाली, मी आकांक्षाला तुझ्या पाठीमागं करायला सांगितलं होतं. मला तुझ्यावर... मला शंका आली होती.”

“माहीत हाय, मॅडम.”

“मॅडम,” आकांक्षा एकदम बोलली.  “ते कॅटॅलिस्ट मी नव्हतं बनवलं. तुम्ही छान म्हणाल्या ते. माझ्याच्यानं होतच नव्हतं. मोनालीताईनं बनवून दिलं.”



“हिच्या भुकटीले हवा लागून राह्यली होती,” मोनाली म्हणाली. “तांबं हिरवं पडत होतं. मले फोन करून रडली. मॅडमनं सांगू नको म्हटलं, म्हणे, पन मी काय करू. मग मी एका सकाळी येऊन बनवून देल्ली. तुम्ही तासावर होत्या.”

“ती तुलाच तपासून पाहत होती, मोनाली.”

“हो न. मग खराब मालावर कायले तपासू द्यायचं?”

“अन् त्यावरही फसलं असतं तर? फसलंच!”

मोनालीनं खांदे उडवले. मग टेबलावरची पट्टी बोटानं सरळ करत म्हणाली, “माझ्या हातानं झालं तर लोक म्हनतीन, मोनालीनं केलं. अन् मोनालीनं केलं म्हटलं की मग मोनाली कोन, कुठली, हे सारं येते. हिच्या हातानं झालं तर म्हनतीन, तांब्यानं केलं. मले तेच पायजे होतं.”

कूलर चालू होता. डब्यातला निळा उजेड छताला लागला होता.

दर वर्षी जूनमध्ये पहिल्या तासाला जयाताई नव्या मुलांना सांगत, की आपल्या हातानं झालेलं काम अजून खरं नसतं. दुसऱ्याच्या हातानं झालं की खरं. वाक्य चांगलं होतं आणि मुलं ते उतरवून घेत. पण आपल्यावर शंका घेणाऱ्याच्या हाती जाऊन आपली सगळ्यात स्वच्छ भुकटी कोणी ठेवेल, असं त्यांच्या स्वप्नातही कधी आलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. या मुलीच्या पाया पडावं असं त्यांना मनापासून वाटलं. पण मॅडम झालेल्या माणसाला ते जमत नाही.

त्या दाराकडे गेल्या. दारामागच्या खुंटीवर त्यांचा पांढरा कोट वर्षानुवर्षं लटकत होता; हल्ली त्या कोट घालायच्या त्या फक्त पाहुण्यांसोबत फोटो असला तर. त्यांनी तो झटकला. खिशातून खडूचा तुकडा पडला. पदर खोचून त्यांनी कोट चढवला, बटणं लावली, आणि टेबलाशी येऊन मोनालीसमोर उभ्या राहिल्या.

“दोन हात झाले,” त्या म्हणाल्या. “आता तिसरा. मले शिकव.”

मोनाली पहिल्यांदाच गोंधळली. “मॅडम, तुम्ही काऊन...”

“शिकव म्हटलं न.”

आकांक्षानं धुतलेली नवी बाटली पुढे केली. मोनालीनं फुग्यात नायट्रोजन भरला आणि सुई जयाताईंच्या हातात दिली. बाटलीच्या रबरी बुचातून सुई आत गेली, द्रावण खदखदून उसळलं आणि बाटलीच्या गळ्यापर्यंत चढलं.

“हळू, मॅडम,” मोनाली म्हणाली. “येवढी घाई नाई करायची. एक एक बुडबुडा दिसला पायजे.”

“बरं,” जयाताई म्हणाल्या, आणि त्यांनी फुग्याची मान चिमटीत धरून वायू कमी केला.